बाटल्या उकळायच्या कधीपर्यंत

सकाळी पावणेसातला आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. एका शेगडीवर मटकीची भाजी, दुसरीवर तवा, ह्यांची न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाक, आणि लेक अनुजा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडी घालत असते. त्या दिवशी या सगळ्या गडबडीत दार वाजलं. बेल चालू असताना वाजलं, तेही खालच्या अंगाला. कुणीतरी पायानं वाजवत होतं.

उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधल्या शालनमावशी. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत फडकी आणि फडक्यांत धरलेलं झाकणाचं मोठं पातेलं. मागं त्यांचं दार सताड उघडं, आणि आतून नातीनं लावलेला टिपेचा सूर.

"वैनी, गॅस गेला. झाकण उघडं ऱ्हायलं म्हणून परत ठेवलं हुतं, उकळी फुटायच्या टायमालाच गेला बघा, मुडदा बशिवला त्याचा. जरा ठेवू का तुमच्यात?"

"ठेवा की. त्यात विचारायचं काय? यशूला कोण बघतंय?"

"सून अंगुळीला गेलीया, पर हायती की आजोबा. खुळखुळा वाजवत बसल्यात. ती रडायची थांबंना आन् हे वाजवायचं थांबंनात."

मी भाजीची कढई उतरवून जागा करून दिली. मावशींनी पातेलं ठेवलं, झाकण उचलून आत एक नजर टाकली. सहा बाटल्या पाण्यात आडव्या पडलेल्या, आणि त्यांची निपलं एका मलमलच्या फडक्यात पुरचुंडी करून बांधलेली. पाच मिनिटांत पाणी खदखदायला लागलं तसं त्यांनी मनगट फिरवून घड्याळ पाहिलं. त्यांच्या घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला असते, नर्स लोकांची असते तशी.

"सहा पंचावन्न," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"दहा मिनिटं ना?"

"पंधरा. दहा आधी करत हुते."

मी शेजारी पोळ्या लाटत राहिले. मावशी ओट्याला डावा हात टेकून उभ्या. उजवा त्यांचा खांद्यातून धरलाय, छातीच्या वर जात नाही. बघता बघता त्यांचे डोळे मिटले. उभ्या उभ्याच. घोडं झोपतं म्हणतात तसं. मी लाटणं हळू फिरवायला लागले, पण ह्यांनी आतून बादली आपटली आणि त्या दचकून पहिल्यांदा घड्याळाकडं बघत्या झाल्या.

"मावशी, बसा तुम्ही स्टुलावर. मी बघते वेळ."

"नको. मीच बघते."

"यशू किती महिन्यांची झाली आता?"

"परवा पंधरा पुरी झाली."

आदल्या दिवशी संध्याकाळचं मला आठवलं. मी जिन्यातून वर येत होते आणि यशोधराबाई दारातल्या चपलांत फतकल मारून बसल्या होत्या.

"मावशी, राग मानू नका, पण काल ती आमच्या ह्यांची चप्पल चाटत होती."

"बघितलं की मी. उजवी चाटून झाली, मग डावी घेतली." मावशींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "चप्पल चाटती, जिना चाटती. परवा खालच्या कुत्र्याच्या तोंडातलं बिस्कीट काढून घेतलं तिनं. कुत्रं गरीब म्हणून बरं. मला काय दिसत न्हाय व्हय?"

"मग ह्या अजून कशाला उकळताय?"

मावशींनी पातेल्यावरचं झाकण सारखं केलं.

"बंद कर म्हणून कुणी म्हणलं न्हाय," त्या म्हणाल्या.

सात दहाला त्यांनी गॅस बंद केला, पातेलं उचललं आणि दार पायानंच लोटून गेल्या. ओट्यावर पाण्याचा एक गोल राहिला होता. तो पुसताना माझ्या मनात आलं, की ह्या बाईला बंद कर म्हणायचं ते कुणी म्हणायचं?

फुलेवाडीच्या ह्या इमारतीत आम्ही चार वर्षं समोरासमोर राहतो. शालनमावशी मूळच्या हातकणंगल्याकडच्या. दहावीला गणितात गेल्या, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा बाळासो बिद्रीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. हंगामात ते चार-चार महिने तिकडंच असायचे. इकडं मावशी पोराला सासूकडं ठेवून कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागल्या. लादी पुसायची, बेडपॅनची भांडी द्यायची, पेशंटला उठवून बसवायचं. पण हात स्वच्छ आणि डोकं शांत म्हणून तिथल्या सिस्टरनी त्यांना ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत नेलं. त्या खोलीत ऑपरेशनची हत्यारं, कपडे, कापूस सगळं ड्रममध्ये भरून वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये लावायचं. ड्रमवर एक पट्टी चिकटवलेली असते. वाफ नीट बसली की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. एकतीस वर्षं मावशींनी त्या रेघा बघितल्या.

"त्या खोलीत एकच नियम वैनी," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "शंका आली की परत लावायचं. पट्टी जरा फिकी वाटली, परत लाव. झाकणाला कुणाचा हात लागल्यागत वाटला, परत लाव. चार दिस ड्रम नुसता पडून ऱ्हायला, कुणी उघडला बी न्हाय, तरी परत लाव."

एकदा एक मोठे सर्जन घाईत होते. पेशंट टेबलावर, आणि मावशींना एका ड्रमची पट्टी पटेना. डॉक्टर ओरडले, सिस्टर ओरडली, मावशींनी ड्रम दिला नाही. चाळीस मिनिटं सगळं थिएटर एका आयाबाईसाठी खोळंबलं. त्यानंतर ते सर्जन हत्याराला हात लावायच्या आधी एवढंच विचारायचे, "शालनबाईंनी लावलाय का?" हे सांगताना मावशी हसत नाहीत. फक्त पाठ जरा ताठ होते.

त्यामुळं प्रसेनजीतला, म्हणजे त्यांच्या मुलाला, लेक झाली तेव्हा सून साक्षी निर्धास्त होती. साक्षी हातकणंगल्याला पंचायत समितीत नोकरीला आहे. सहा महिन्यांची रजा संपली तशी ती पुन्हा सकाळी आठला घर सोडायला लागली. "आई असताना मला कसली काळजी," असं ती मलाही म्हणाली होती. बाटल्या, पावडरचं दूध, उकळणं, मोजणं, सगळं मावशींकडं आलं. त्याही खुशीत होत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, हाताला सवयीचं काम मिळालं.

आणि सातव्या महिन्यात, मे महिना होता, यशू आजारी पडली. रात्रीत अकरा वेळा जुलाब. सकाळी डोळे खोल गेलेले, रडायलाही जोर नाही. तीन दिवस दवाखान्यात ठेवली. एवढ्याशा हाताला सलाईन लावायचं, तर शीर सापडेना. मी दुपारचा डबा घेऊन गेले होते तेव्हाची गोष्ट. साक्षी पलंगाच्या कडेला, दोन रात्रींची जागलेली, केस विस्कटलेले. तिनं सासूकडं बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "आई, त्या दिवशी बाटली नीट उकळली होती ना?"

"व्हय," मावशी म्हणाल्या.

बस्स. साक्षीनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. चांगली मुलगी आहे ती, मनात काही ठेवणारी नाही. पण एकतीस वर्षांत मावशींना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या क्षणी त्यांनी व्हय म्हटलं खरं, नंतर घरी येऊन त्या आठवत बसल्या. आजाराच्या आदल्या संध्याकाळी विहारात कार्यक्रम होता. सगळ्या बायका खाली रिक्षा थांबवून हाका मारत होत्या. बाटल्या उकळून, झाकून, ओट्यावर ठेवूनच त्या गेल्या होत्या. पण दहा मिनिटं पुरी झाली होती का? की आठच? घड्याळ बघितलं होतं का?

शंका आली की परत लावायचं. पण पाजून झालेली बाटली परत कशी लावणार?

तेव्हापासून दहाची पंधरा मिनिटं झाली. एकदाचं दोनदा झालं, सकाळी आणि चार वाजता. बाटल्यांबरोबर चमचा आला, वाटी आली, पावडरच्या डब्यातला मोजायचा पेलासुद्धा आला. झाकण उघडं राहिलं की सगळं परत. त्यासाठी पहाटे साडेचारला उठायचं, कारण आठला साक्षी जायच्या आत यशूचं पहिलं दूध आणि दोघांचे डबे. वाफेनं डाव्या हाताच्या बोटांची कातडी पांढरी पडली, खांदा धरला. आणि घरात कुणी काही बोलेना. मी एकदा जिन्यात साक्षीला गाठून विचारलं होतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, मी कशी सांगू? मी बंद करा म्हटलं तर त्यांना वाटेल, हिचा आपल्या हातावर भरवसा राहिला नाही. आधीच मी त्या दिवशी बोलून बसले." प्रसेनजीतला विचारलं तर तो म्हणाला, "आईच्या कामात आम्ही पडत न्हाय काकू. पडलो की भाजतंय."

म्हणजे सून सासूसाठी गप्प, मुलगा भीतीनं गप्प, आणि सासू कुणीतरी बंद कर म्हणेल याची वाट बघत पहाटे उठतेय.

त्या गॅस संपलेल्या दिवशीच यशूची पंधराव्या महिन्याची लस होती. साक्षीला रजा मिळाली नव्हती, प्रसेनजीतची गोकुळ शिरगावला पहिली पाळी. दहाच्या सुमाराला मावशी परत आल्या. "वैनी, येतासा का जरा संगट? मला खांद्यामुळं धरता येत न्हाय तिला. आन् ह्यांचा काय उपेग न्हाय. सुई बघितली की पोरीच्या आधी हेच डोळं मिटत्यात."

बाळासोकाका मागं उभे होते. डोक्यावर मफलर, अंगात मुलाचा जुना स्वेटर. "मी काय डोळं मिटत न्हाय," ते म्हणाले. "मी फकस्त बघत न्हाय."

आम्ही दोघी यशूला घेऊन रिक्षानं गेलो, काका स्कूटरवर मागून. दवाखान्यात गर्दी होती. काकांनी नेहमीप्रमाणं पाच मिनिटांत शेजारच्या माणसाशी सोयरीक जुळवली. "पावणं, कुठलं तुमी? जोतिबाचं? आरं वा, मग गुलाल आणायचा की पोराला लावून!" आमचा नंबर आला तसे तेही आत आले.

लस टोचून झाली. यशूनं डॉक्टरबाईंचा स्टेथोस्कोप धरून आकांत केला आणि मग तोच तोंडात घालून गप्प झाली. डॉक्टरबाई हसल्या. मी यशूचं झबलं नीट करत होते, एवढ्यात मावशी खुर्चीच्या कडेवर सरकून बसल्या. घरातून पाठ करून आल्यासारखं त्यांनी विचारलं,

"बाई, बाटल्या उकळायच्या त्या कधीपर्यंत?"

"अजून उकळताय?" डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, पंधरा महिन्यांची झाली ही. आता साबणाच्या गरम पाण्यानं, ब्रशनं आतून घासायच्या, निपलं उलटी करून धुवायची, खळखळून पाणी, आणि पूर्ण वाळू द्यायच्या. पुरे. खरं सांगू? आता बाटलीच सोडवा तिची. पेल्यानं द्या दूध. सांडेल थोडं, सांडू दे."

मावशींनी मान हलवली. पण उठल्या नाहीत.

"पण सातव्या म्हैन्यात बाटलीमुळंच ॲडमिट झालती न्हवं ती."

"बाटलीमुळंच असं कोण म्हणालं?" बाईंनी फाईलची पानं मागं उलटली. "जुलाबाला शंभर कारणं असतात. मी तेव्हा विचारलं होतं, बाहेरचं काही पोटात गेलंय का म्हणून. हे बघा, लिहिलंय. घरच्यांनी नाही सांगितलं."

"न्हायच गेलतं. सगळं माझ्याच हातनं हुतं," मावशी म्हणाल्या.

मी त्या वेळी सहज मान वळवली. बाळासोकाका भिंतीवरच्या उंची मोजायच्या जिराफाकडं बघत होते. जिराफात बघण्यासारखं एवढं काही नव्हतं. मफलरीतून बाहेर आलेला त्यांचा कान लालबुंद झाला होता.

"स्कूटर उन्हात हाय," ते एकदम म्हणाले. "सावलीला लावून येतो."

जानेवारीतलं अकराचं ऊन. आणि स्कूटर लिंबाच्या झाडाखाली होती, येताना मीच बघितली होती. बोलायचं ते ज्याचं त्यानं बोललेलं बरं.

घरी आलो. दुपारी यशूला जरासा ताप होता, ती झोपली. सिलिंडर काही आला नाही. आणि चार वाजता शालनमावशी पातेलं घेऊन पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात.

"मावशी! डॉक्टरबाई काय म्हणाल्या सकाळी?"

"म्हणल्या. त्या म्हणतील." त्यांनी पातेलं शेगडीवर ठेवलं. काडी दोनदा मोडली, मग मीच गॅस पेटवला. "परत पोरगी आजारी पडली तर त्यांना कोण विचारतंय वैनी? मला विचारतील."

"कोण विचारेल? साक्षी?"

"ती न्हाय विचारायची. ती गप बसंल." त्या थांबल्या. "ते तर जास्तच की. मला आता उभं ऱ्हावत न्हाय, खरं सांगते. पाटंचं उठताना पाय खाली टेकला की वाटतं, आज नगो. पण शंका आली की हात थांबत न्हाय."

दार उघडंच होतं. बाळासोकाका यशूला कडेवर घेऊन आत आले आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे राहिले. यशू झोपेतून उठलेली, गाल तांबडे, आजोबांची मफलर चघळत होती.

"शालन, गॅस बंद कर."

"अजून उकळी फुटायची हाय."

"न्हाय फुटली तर चालंल. बंद कर की."

"तुमी जावा बरं घरात. लस टोचलीया तिला, वारा लागंल."

"त्या टायमाला बाटलीनं काय न्हाय झालतं," काका म्हणाले.

मावशींनी वळून बघितलं. "कंच्या टायमाला?"

"मे म्हैन्यात. दवाखान्यात नेलती तवा. बाटलीचा काय दोष नव्हता."

"तुमास्नी काय म्हाईत?"

काकांनी यशूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. वेळ काढायला. "तू विहारात गेलतीस. साक्षीला हापिसातनं यायला उशीर. ही रडायला लागली. म्हणलं एक चक्कर मारून आणावी. शेजारच्या कृष्णातला मागं बसवला, त्याच्या मांडीवर ही, आन् गंगावेशीला गेलो."

गंगावेशीला म्हणजे दूधकट्ट्यावर, हे कोल्हापुरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. संध्याकाळी तिथं म्हशी उभ्या असतात, आपण पेला धरायचा आणि समोर धार काढून, फेसासकट, कोमट दूध उभ्यानं प्यायचं. काका आठवड्यातून दोनदा जातात. त्यांचे वडील त्यांना न्यायचे.

"मग?" मावशींचा आवाज अजून साधाच होता.

"मग काय. पिराजीची म्हस हुती. तो म्हणला, बाळासो, नात व्हय? पाजा की दोन घोट, पैलवान हुईल. मी म्हणलं, आमच्यात तसं चालत न्हाय, पोरगीला बाटलीतच लागतं."

"तुमी सात म्हैन्याच्या पोरीला निरसं दूध पाजलंसा?"

"बाटलीतनं पाजलं की!" काका कळवळून म्हणाले. जणू तेवढ्यानं गुन्हा निम्मा होणार होता. "तुझीच बाटली नेलती. उकळलेली. हात बी लावला न्हाय शालन, चिमट्यानं उचलली, फडक्यात गुंडाळली. तू करतीस तसंच. पिराजीला सांगितलं, धार थेट बाटलीत मार, मधी भांडं नको. आमच्या घरात स्वच्छता लई असती म्हणलं. त्याचा नेम बी काय बसतोय! एक थेंब बाहीर न्हाय. आन् ही प्याली की खुशाल. हसली बी."

मला त्या चित्राचं हसू यायला हवं होतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर चिमट्यानं उचललेली बाटली, आणि तिच्यात म्हशीची धार. पण मी मावशींकडं बघितलं आणि हसू आलं नाही. त्यांनी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"आन् डॉक्टर विचारत हुत्या तवा?"

"तू न्हाय म्हणलीस. मग तुझ्याम्होरं मी कसं..." काकांनी वाक्य सोडून दिलं. "पोर बरी झाली. मला वाटलं, मिटलं."

"मिटलं?"

"न्हाय मिटलं. सकाळी त्या बाईनी कागद वाचला तवा मला खाली बघवंना."

पातेल्यात तळाशी बारीक बुडबुडे यायला लागले होते. मावशींचं तिकडं लक्ष नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात त्या पहिल्यांदाच खाली बसल्या, स्टुलावर, पाय लांब करून.

"आठ म्हैनं," त्या म्हणाल्या.

"शिव्या घाल की. घाल, मी ऐकतो हितं हुबा ऱ्हाऊन. वैनी बी ऐकू द्यात."

"शिव्या घालायला ताकद लागती."

यशूनं काकांच्या चष्म्याला हात घातला, त्यांनी तो घालू दिला.

"मला वाटायचं दोन मिनिटं कमी पडली," मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या. पण बोलत होत्या नवऱ्याशीच. "खाली रिक्षा थांबलीती. बायका बोंबलत हुत्या चल चल म्हणून. मला आठवंना, घड्याळ बघितलं का न्हाय. रोज पाटं पातेलं ठेवलं की तीच संध्याकाळ डोळ्याम्होरं. आठ मिनिटं का दहा. आठ का दहा. दवाखान्यात इतकी वर्षं काढली, हाताखालनं हजारो ड्रम गेले, त्यातला एक बी खराब निघाला न्हाय. आन् घरातलं एक पोरगं मला सांभाळता आलं न्हाय, असं धरून बसले मी."

"मी बी जागाच असतोय शालन," काका म्हणाले. "तू पाटं उठतीस, भांड्याचा आवाज येतोय, मी पडून ऐकतोय. रोज म्हणतोय, आज सांगायचं."

"जागं असतासा?"

"व्हय."

"आन् एकदा बी उठून पातेलं उतरवलं न्हाय."

मी यशूला काकांच्या कडेवरून घेतलं. म्हातारा माणूस चौकटीला टेकून उभा राहिला, शाळेत उभं केल्यासारखा.

थोड्या वेळानं मावशी गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पाणी आता कडेकडेनं हलायला लागलं होतं, पण उकळी फुटली नव्हती. त्यांनी गॅस बंद केला. घड्याळाकडं बघितलं नाही. चिमटाही घेतला नाही. गरम पाण्यात फडकं घालून एकेक बाटली काढली आणि मला म्हणाल्या, "वैनी, साबण कुठाय?"

मी दिला. ब्रश माझ्याकडं नव्हता, त्यांनी बोटावर फडकं गुंडाळून बाटल्या आतून घासल्या. निपलं उलटी करून धुतली. नळाखाली प्रत्येक बाटली दोनदा खळखळली. उजवा हात वर जात नव्हता म्हणून वाकून, डाव्या हातानं. सहाही बाटल्या माझ्या ताटाळ्यात पालथ्या लागल्या. तोवर यशू माझ्या बांगड्या मोजल्यासारख्या वर-खाली करत होती.

"वाळल्या की न्हेते," मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या. "आन् उद्या पेला आणायचा तिला. दोन कानाचा मिळतोय."

"मी आणतो," काका घाईनं म्हणाले. "आत्ता जातो. महाद्वार रोडला मिळंल."

"ऱ्हावू द्या. आत्ता कुठं जाऊ नका."

"मग काय करू? सांग की. तू म्हणशील ते करतो. पाटं मी उठतो उद्यापासनं. दूध मी करतो."

"तुमी केलेलं दूध नको," मावशी म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं. पुरतं आलं नाही.

"साक्षीला मी सांगू का?" मी विचारलं. "आली की इकडंच चहाला बोलावते."

"नको वैनी. तुमी सांगितलं तर तिला वाटंल, सासूनं शेजारणीला मधी घातलं. मी सांगितलं तर वाटंल, आपल्या अंगावरचं झटकून टाकलं." त्या नवऱ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. चढवायला तो उरलाच नव्हता.

"ती साडेसहाला येती. दमलेली असती, चहा होऊ द्या तिचा. मग तुमच्या तोंडानं, माझ्यासमोर तिला सांगा, की शालनच्या बाटलीत खोट नव्हती. एवढंच करा. दुसरं काय नको मला."